दोन बिंदूंतील चढ



गोवा आणि महाराष्ट्र यांच्या सीमेलगतच्या या लाटंबार्से गावात, गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेचे यंदाचे पुष्प गुंफण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक ऋणी आहे. स्मृतिव्याख्यानासाठी साहित्य, समाजकारण किंवा संस्कृती असा एखादा विस्तीर्ण विषय निवडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मी मात्र शालेय गणितातील एक छोटासा पाठ निवडला आहे. दोन बिंदू दिले असता त्यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढणे, हा तो पाठ. गुरुजी आयुष्यभर याच वर्गांना गणित शिकवीत आले. त्यांचे स्मरण करावयाचे तर त्यांच्या फळ्यावरच्याच एखाद्या विषयाने करावे, असे मला वाटले.

या पाठाविषयी एक सार्वत्रिक अनुभव आहे. सूत्र बहुतेकांना पाठ असते, उत्तरही बरोबर येते, आणि शाळा सुटली की चढ ही कल्पना वहीतच राहते. पुढे आयुष्यात कर्ज घेताना, जमीन विकताना, वर्तमानपत्रातील आलेख पाहताना हीच कल्पना आपल्यासमोर वेगळ्या वेषात उभी राहते आणि आपण तिला ओळखत नाही. ही ओळख पटवून देणे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम कल्पनेकडे वळू. गवंड्याच्या पिशवीत दोन साधने हमखास असतात, ओळंबा आणि पाणसळ. ओळंबा उभी दिशा दाखवितो, पाणसळ आडवी. आलेखाच्या कागदावर आपण जे दोन अक्ष काढतो, ते वस्तुतः ही दोन साधनेच होत. आडव्या अक्षाला क्ष-अक्ष म्हणावे, उभ्याला य-अक्ष. आता कौलारू छपराचा वासा पाहा. तो ना आडवा, ना उभा. त्याच्या दोन टोकांमधील आडवे अंतर मोजा, उंचीतील फरक मोजा, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. आलेला भागाकार म्हणजे त्या वाशाचा चढ. पहिला बिंदू (क्ष१, य१) आणि दुसरा बिंदू (क्ष२, य२) असेल, तर सूत्र असे होते :

चढ = (य२ − य१) ÷ (क्ष२ − क्ष१)

या सूत्रात दोन वजाबाक्या आणि एक भागाकार आहे, याहून अधिक काही नाही. पण त्याचा अर्थ नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. एका बिंदूला चढ नसतो. एखादी जागा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हे कळले, तरी तेथून वाट वर जाते की खाली, हे त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी दुसरा बिंदू हवा. चढ म्हणजे दोन फरकांची तुलना : एका राशीत एवढा बदल झाला, तेव्हा दुसरीत केवढा झाला?

येथे विद्यार्थी नेहमी एक शंका विचारतात. पहिला बिंदू कोणता आणि दुसरा कोणता, हे ठरवायचे कोणी? उदाहरण घेऊ. (२, ३) आणि (६, ५) हे दोन बिंदू आहेत. उंचीतील फरक ५ − ३ म्हणजे २, आडवा फरक ६ − २ म्हणजे ४, आणि चढ २ ÷ ४ म्हणजे एक द्वितीयांश. आता क्रम उलटा करू. ३ − ५ म्हणजे −२, आणि २ − ६ म्हणजे −४. ऋण भागिले ऋण, म्हणून उत्तर पुन्हा एक द्वितीयांशच. दोन्ही फरकांची चिन्हे एकदमच बदलतात, म्हणून भागाकार बदलत नाही. घोटाळा होतो तो वरची वजाबाकी एका क्रमाने आणि खालची दुसऱ्या क्रमाने केली तर. मग चढाचा उतार होतो.

आपल्या मराठीत चढ आणि उतार असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. एकाच घाटाला खालून येणारा चढ म्हणतो, वरून येणारा उतार म्हणतो, आणि दोघेही खरेच बोलतात. गणिताने एक संकेत ठरवून हा वाद मिटविला आहे. रेषा नेहमी डावीकडून उजवीकडे वाचावयाची. वाचताना ती वर गेली तर चढ धन, खाली आली तर ऋण. आडव्या रेषेचा चढ शून्य. ओळंब्याच्या दोरीचा चढ मात्र सांगताच येत नाही, कारण तिच्यावरील कोणत्याही दोन बिंदूंतील आडवा फरक शून्य असतो, आणि शून्याने भागता येत नाही. "चढ शून्य आहे" आणि "चढ सांगता येत नाही" ही दोन वाक्ये परीक्षेत पुष्कळदा एकमेकांच्या जागी लिहिली जातात. पाणसळ आणि ओळंबा हातात घेतलेला गवंडी तशी गल्लत करणार नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे. रेषेवर बिंदू असंख्य. मग मी हे दोन घेतले आणि तुम्ही दुसरे दोन घेतलेत, तर उत्तर तेच कसे येईल? याचे कारण समरूप त्रिकोणांत आहे, आणि ते आपल्या परंपरेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भास्कराचार्यांनी १११४ मध्ये जन्म घेऊन, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्यातील 'लीलावती' या भागात त्रैराशिक आहे, तसेच शंकू आणि त्याची छाया यांचे गणितही आहे. एकाच क्षणी अंगणात रोवलेली काठी आणि आवारातील माड या दोघांच्या सावल्या मोजल्या, तर उंची आणि सावली यांचे गुणोत्तर दोन्हीकडे सारखेच येते, कारण दोहोंवर पडणारा सूर्यकिरण एकाच कलाने आलेला असतो. काठी एक मीटर आणि तिची सावली दीड मीटर असेल, तर पंधरा मीटर सावलीचा माड दहा मीटर उंच असणार. बिंदूंना संख्यांच्या जोडीने ओळखण्याची पद्धत युरोपात देकार्त याच्या १६३७ मधील ग्रंथामुळे प्रसिद्ध झाली, आणि मग याच गुणोत्तराला समीकरणाचे रूप मिळाले. सरळ रेषेची ओळखच ही, की तिच्यावर कोठेही मोजा, चढ तोच येतो.

आता या कल्पनेचे काम आपल्या परिसरात पाहू. पाण्याएवढा चढाचा काटेकोर परीक्षक दुसरा नाही. आपल्या कुळागरांतून पाटाचे पाणी खेळविणाऱ्या, वायंगणासाठी व्हाळाला बांध घालून पाणी मळ्याकडे वळविणाऱ्या पिढ्यांना सूत्र ठाऊक नव्हते, पण चढ ठाऊक होता. पाट फार उतरता झाला तर पाणी माती खरवडून नेते. फार सपाट झाला तर गाळ बसतो आणि तण माजते. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या संयुक्त तिळारी प्रकल्पाचे पाणी दोडामार्गाकडून कालव्यांनी गोव्यात येते, तेव्हा अभियंत्यांनाही हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागतो. डोंगराळ मुलखातून मैलोगणती जाणाऱ्या कालव्याचा उतार डोळ्यांना दिसणारही नाही इतका अल्प ठेवावा लागतो.

येथे दोन बिंदू निवडण्याचे शहाणपण कळते. उदाहरणादाखल ५००० मीटरला १ मीटर असा उतार घेऊ. १०० मीटर अंतरावर पाण्याची पातळी केवळ दोन सेंटिमीटर उतरली पाहिजे. मोजणीत एका सेंटिमीटरची चूक झाली, तर उतार निम्म्याने किंवा दीडपटीने चुकीचा येईल. तेच दोन बिंदू एक किलोमीटर अंतरावर घेतले, तर उतरण २० सेंटिमीटरची असते आणि त्याच एका सेंटिमीटरच्या चुकीने उत्तर फक्त शंभरात पाच भागांनी बिघडते. मोजणी अचूक नसेल तर बिंदू एकमेकांपासून दूर असावेत, हा धडा वहीत मिळत नाही, कारण वहीतल्या संख्या नेहमी अचूक असतात.

पण दूरच्या बिंदूंचाही एक दोष आहे, आणि तो रेल्वेच्या घाटात दिसतो. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तो १८३१ फूट चढतो, आणि त्यासाठी त्याने सुमारे पावणेसोळा मैलांचे अंतर घेतले आहे. या दोन टोकांवरून चढ काढला तर तो पंचेचाळीस-शेहेचाळीस फुटांना एक फूट असा येतो. परंतु या घाटातील सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा आहे. गाडीला इंजिन जोडावयाचे ते सरासरी पाहून जोडून चालत नाही. जेथे चढ सर्वांत तीव्र, तेथेही गाडी ओढली गेली पाहिजे, म्हणून त्या घाटात गाडीला जादा इंजिने लावावी लागतात. गोव्यात दूधसागरजवळून जाणाऱ्या कॅसलरॉक ते कुळे या घाटाचीही गोष्ट हीच. तेथेही चढ ३७ ला १ आहे. दोन टोकांचे बिंदू मधल्या वाटेचे हाल सांगत नाहीत.

याउलट आपल्या पेडणे तालुक्यातून गोव्यात शिरणारी कोकण रेल्वे पाहा. तिची आखणी करताना चढ १५० ला १ याहून तीव्र होऊ द्यावयाचा नाही, असे ठरविण्यात आले. १५० मीटर उंची गाठावयाची झाली, तर ३७ ला १ या चढाने साडेपाच किलोमीटर पुरतात; १५० ला १ या चढाने साडेबावीस किलोमीटर लागतात. सह्याद्रीच्या सोंडा आणि खाड्या यांमधून इतका सौम्य मार्ग काढावयाचा, म्हणून नव्वदाहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल बांधावे लागले. पेडण्याच्या बोगद्यातील मऊ मातीने तर अभियंत्यांना अखेरपर्यंत दमविले. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. एका लहानशा गुणोत्तराचा आग्रह धरल्यामुळे केवढे काम करावे लागले, आणि त्यामुळेच गाड्या वेगाने धावू शकल्या, याचे हे घरानजीकचे उदाहरण आहे.

याहूनही जवळचे उदाहरण शाळेच्या पायऱ्यांचे. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलासाठी जी उतरण बांधावयाची, तिचा चढ १२ ला १ याहून अधिक असू नये, असा दंडक आहे. उंबरठा अंगणापासून ६० सेंटिमीटर उंच असेल, तर उतरणीची आडवी लांबी निदान ७ मीटर २० सेंटिमीटर हवी. जागा वाचविण्यासाठी ती तीन मीटरमध्ये उरकली, तर चढ ५ ला १ होतो, आणि ती उतरण केवळ दाखविण्यापुरती राहते. ते मूल आपल्या बळावर वर्गात येऊ शकत नाही. तेथे चढाचे गणित चुकणे म्हणजे एका मुलाला दाराबाहेर ठेवणे होय.

मित्रहो, आतापर्यंत आपण जमिनीवरचे चढ पाहिले. आता आडव्या अक्षावर अंतराऐवजी काळ मांडू. मग चढ म्हणजे बदलाचा वेग होतो. या ठिकाणी एककाचा प्रश्न निर्माण होतो, आणि तो विद्यार्थ्यांना अवश्य विचारावा. एखाद्याने "चढ अर्धा आला" असे सांगितले, की "अर्धा काय?" असे विचारावे. मीटरला मीटरने भागले तर एकक उरत नाही. पण माणसांना वर्षांनी भागले तर "दर वर्षी इतकी माणसे" असे उत्तर येते. एककाशिवाय सांगितलेला चढ अर्धवट असतो.

गोव्याच्या लोकसंख्येचे उदाहरण घेऊ. मुक्तीनंतरची पहिली जनगणना १९७१ ची. तेव्हा गोव्याची लोकसंख्या ७ लाख ९५ हजार होती. १९८१ मध्ये ती १० लाख ८ हजार झाली. दहा वर्षांत २ लाख १३ हजारांची वाढ, म्हणजे दर वर्षी सुमारे २१,३०० हा या दोन बिंदूंतील रेषेचा चढ. १९८१ मध्ये बसून कोणी ही रेषा तशीच पुढे ओढली असती, तर २०११ साली गोव्यात १६ लाख ४७ हजार लोक असतील, असे भाकीत त्याने केले असते. प्रत्यक्षात २०११ च्या जनगणनेत १४ लाख ५९ हजार भरले. पावणेदोन लाखांहून अधिक माणसांची ही चूक झाली कशी? सूत्र बरोबर होते, दोन्ही संख्या बरोबर होत्या. चुकीचे होते ते हे गृहीत, की वाट सरळ आहे. १९८१ ते १९९१ या दशकात चढ दर वर्षी सुमारे १६,२०० वर आला, पुढच्या दशकात १७,८०० झाला, आणि २००१ ते २०११ मध्ये ११,१०० पर्यंत उतरला. लोकसंख्या वाढतच होती. वाढीचा चढ मात्र मंदावत होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत त्यांची सरमिसळ नित्य होते.

२०२१ ची जनगणना लांबणीवर पडली. त्यामुळे २०११ नंतर गोव्याची म्हणून जी लोकसंख्या आपण वाचतो, ती मोजलेली नाही; ती पुढे ओढलेल्या रेषेवरील जागा आहे. तिचा उपयोग जरूर करावा, पण ती कोणत्या बिंदूंवरून आली, हे विचारूनच करावा.

आता या तालुक्याच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. डिचोलीने खनिजाची भरभराट पाहिली आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनची मागणी वाढली, आणि दरवर्षी कालच्यापेक्षा आज अधिक माल जातो आहे, असा अनुभव लोकांना आला. त्या चढावर भरवसा ठेवून घरोघरी कर्जे निघाली, ट्रक आले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम थांबविले, आणि पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा थांबले. पुढे २०२२ पासून लिलावाने पट्टे देण्यास प्रारंभ झाला. या धोरणांची चर्चा हा आजचा विषय नव्हे. मी फक्त गणिताचा भाग सांगतो. दोन चांगल्या वर्षांतील उत्पन्नांवरून चढ काढावयाचा, ती रेषा कर्जफेडीच्या शेवटच्या हप्त्यापर्यंत ओढावयाची, आणि त्या रेषेवर घर उभे करावयाचे, असा हा व्यवहार होता. तो करणारी माणसे अडाणी नव्हती. त्यांच्यापैकी अनेकांनी चढाचे सूत्र शाळेत बरोबर सोडविले असेल. परंतु ते सूत्र त्या दोन बिंदूंच्या दरम्यानचे सांगते आणि त्यापुढची जबाबदारी घेत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आपण शिक्षकांनी हे सांगावयास हवे.

मग वाकड्या वाटेचे करावे काय? गणिताचे उत्तर असे, की दुसरा बिंदू पहिल्याच्या जवळजवळ आणीत जावा, म्हणजे त्या ठिकाणचा खरा चढ हाती लागत जातो. ग्रहांची गती क्षणोक्षणी बदलते, म्हणून भास्कराचार्यांनी 'तात्कालिक गती'चा विचार केला. सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निट्स यांच्या हातून याच वाटेने कलनशास्त्र उभे राहिले. महाविद्यालयात ज्याचे भय वाटते, त्या विषयाचे दार नववी-दहावीच्या या पाठातच आहे. आणि व्यवहाराचे उत्तर असे, की बिंदू वाढवावेत. तिसरा बिंदू मिळाला की पहिल्या-दुसऱ्यातील चढ आणि दुसऱ्या-तिसऱ्यातील चढ ताडून पाहता येतात. ते समान असतील तर तीन बिंदू एका रेषेत आहेत. नसतील तर वाट वळली आहे. हाच न्याय मुलांच्या बाबतीतही पाळावा. एका परीक्षेचे गुण हा एक बिंदू आहे, आणि एका बिंदूला चढ नसतो, हे आपण आरंभीच पाहिले.

शेवटी शाळेपुढे एक सूचना नम्रपणे ठेवतो. गुरुजींचे स्मारक म्हणून एक वही सुरू करावी. दरवर्षी वैशाखात, ठरलेल्या एकाच तारखेला, गावातील ठरावीक विहिरींच्या कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर विद्यार्थ्यांनी दोरीने मोजावे आणि सालासह नोंदवावे. यात चिन्हांचाही एक धडा आहे : अंतर वाढले म्हणजे पाणी खाली गेले, तेव्हा धन चढ येथे चिंतेचा असेल. पहिल्या वर्षी एक बिंदू मिळेल, त्यावरून काहीही म्हणता येणार नाही. दुसऱ्या वर्षी चढ काढता येईल; तो मुलांनी काढावा, आणि एका पावसाळ्यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह आवरावा. दहा-बारा वर्षांनी मात्र या गावाजवळ असे काही असेल, जे पुष्कळ गावांजवळ नसते. खाण, कालवा, नवी वसाहत, काहीही येवो वा जावो, पाणी कमी झाले असे कोणी म्हटले, किंवा झाले नाही असे कोणी म्हटले, तर ती वही पुढे ठेवता येईल. वादात ज्याच्याजवळ मोजलेले बिंदू असतात, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

गणित शिकविताना गुरुजींनी ज्या पिढ्या घडविल्या, त्यांतील अनेक जण आज या सभागृहात बसलेले मला दिसत आहेत. त्यांच्यापैकी कोणी या वहीचे पहिले पान लिहून द्यावे, अशी माझी विनंती आहे.